सतरा नंबरचा निकाल

रोसारियो,
मंगळवार, ५ ऑगस्ट

आन्सेल्मो मास्तरांना,

रेन्सोचा नमस्कार. तिकडे नेउकेनला वारा सुटला असेल आणि तुम्ही कानाला मफलर गुंडाळून बसला असाल. इकडे हिवाळा असूनही थंडी बेताची आहे, पण समोर नदीतल्या बेटांवर पुन्हा गवत पेटलंय. धुरामुळे आई खिडक्या उघडू देत नाही आणि घरभर कपड्यांना तोच वास. आई बरी आहे. कॉलेजात परत कधी जाणार हे ती आता रोज विचारत नाही, एक दिवसाआड विचारते.

सगळं बदललं ते शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, गास्पारने 'थांब' म्हणून हात वर केला तेव्हा. हे वाक्य मी काल लिहिलं, खोडलं आणि आज पुन्हा लिहिलंय. राहू दे. बदललं म्हणजे आभाळ काही कोसळलं नाही. नियमाचा एक प्रश्न आला, एवढंच. आणि नियमाचा प्रश्न कागदावरच विचारायचा, फोनवर माणूस ओरडतो जास्त आणि विचार कमी करतो, ही शिस्त तुमचीच. म्हणून पत्र.

तर समजा, 'नदीबंदर'चा डाव चालू आहे. तो खेळ तुमच्या वेळी आपल्या खेळांच्या क्लबात नुकताच आला होता. सुरुवातीला सगळ्यांकडे तेच दहा भिकार पत्ते, मग पाळीपाळीने मधल्या रांगेतून चांगले पत्ते विकत घ्यायचे. घेतलेला पत्ता आधी आपल्या टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो, गड्डी संपली की ढीग पिसायचा, तेव्हा कुठे तो हाती लागतो. "जे घ्याल तेच पुढे हातात येईल, म्हणून विचार करून घ्या," असं तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि विचार करत नव्हतो.

समजा एका खेळाडूकडे 'नावाडी' आहे. नावाडी असला की नवा घेतलेला पत्ता ढिगातून लगेच उचलून गड्डीच्या वर ठेवता येतो, म्हणजे पुढच्याच पाळीत हातात. समोरच्याकडे 'जकातदार' आहे. दुसऱ्याने घेतलेला पत्ता ढिगात पडला की जकातदार तो जप्त करतो. आता पहिल्याने शेवटचं 'कोठार' घेतलं. कोठार हातात आलं की डाव त्याचा. पत्ता ढिगात पडतो आणि त्याच क्षणी दोघेही जागे होतात, नावाडीही आणि जकातदारही. आधी कोण हात घालणार? नावाडी आधी, तर जकातदाराला ढिगात काही सापडणारच नाही. जकातदार आधी, तर नावाड्याने उचलायचं काय?

खेळाच्या पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. तुमचं मत हवं होतं. सहजच.

बाकी बातम्या. अंतिम फेरी झाली, गास्पार जिंकला. गास्पार म्हणजे गॅरेजमधला, हसताना डोळे मिटतात तो. यंदा विजेत्याला मोंतेविदेओला जायचंय. तिथल्या एका खेळ बनवणाऱ्या कारखान्यात सहा महिने नवे खेळ खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. राहायची सोय, पगार, सगळं आहे. ओर्नेला दुसरी आली. चांगली खेळली. आता ती शनिवारी येणार नाही, मावशीच्या बेकरीत काम वाढलंय म्हणे. कँटीनवाला तातो तसाच आहे. क्लबाचं दार अजून फुगलेलंच आहे, मुठीला धरून वर उचलल्याशिवाय लागत नाही.

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे थोडी. महिनाअखेर विजेत्याचं नाव कारखान्याला कळवायचंय. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

तुमचा,
रेन्सो

•

रोसारियो,
मंगळवार, १९ ऑगस्ट

मास्तर,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. त्या आता मला पाठ आहेत: "रेन्सो, हा निकाल वहीत सतरा नंबरला आहे, माझ्या हातचा आहे, आणि वही तुझ्याकडे आहे. मग हे मला का विचारतोस? खरा प्रश्न विचार."

हे पत्र तुमच्या मुलीला वाचायला देऊ नका. भिंग घ्या आणि स्वतः वाचा. अक्षर मोठं काढतोय.

हो, पंचाच्या निकालवहीत सतरा नंबरला आहे. "दोन पत्ते एकाच क्षणी जागे झाले, तर ज्याची पाळी त्याचा पत्ता आधी. मग बाकीचे डावीकडून ओळीने. कारण पाळी ज्याची, जोखीम त्याने घेतलेली असते." हिरवी शाई. कडेला तुमच्या 'माते' चहाच्या पेल्याचा गोल डाग. सहा वर्षांपूर्वीचा, वेगळ्याच खेळातला निकाल, म्हणून कोणाच्या लक्षात राहिला नाही. पण क्लबाची रीत तीच आहे, एकदा वहीत गेलं की प्रत्येक खेळाला लागू. आणि डाव चालू असताना वहीला पंचाशिवाय कोणी हात लावायचा नाही, नाहीतर जो तो आपल्या सोयीची ओळ शोधत बसतो. हेही तुमचंच.

पाळी ओर्नेलाची होती. नावाडी तिचा होता. कोठार तिने घेतलं होतं.

गास्पारने हात वर केला. "थांब, थांब! माझा जकातदार बसलाय की. पंच, बघा जरा."

ओर्नेला म्हणाली, "माझी पाळी आहे ना? मास्तरांनी असं काहीतरी सांगितलेलं मला आठवतंय. वहीत बघ रेन्सो."

"बघतो," म्हणालो आणि वही उघडली. टेबलाभोवती वीसेक माणसं उभी. तेवढ्यात तातो कार्लितो सँडविचचा ट्रे घेऊन आला. वितळलेलं चीज पावाबाहेर लोंबत होतं. कुणीतरी विचारलं काय झालं, तर हा म्हणाला, "काय व्हायचंय? पंचाचा जीव जडलाय पोरीवर, निकाल तिच्याच पदरात पडणार. बघायला वही कशाला पाहिजे!"

सगळे हसले. गास्पारसुद्धा हसला, डोळे मिटून. ओर्नेला हसली नाही.

माझं डोकं कसं भडकतं ते तुम्हाला माहीत आहे. तोंडी परीक्षेत प्राध्यापक म्हणाले, "एवढं येत नाही तर बसलाय कशाला?" तर मी उठलो, दार आपटलं आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्यातून जो घरी आलो तो आलोच. शनिवारी कान तसेच तापले. वाटलं, थांबा, दाखवतो तुम्हाला पंच कुणाच्या बाजूचा असतो. पानं उलटत होतो. सतरा नंबर आला. हिरवी शाई, गोल डाग. मी वाचलं. पुढचं पान उलटलं. अगदी शेवटच्या पानापर्यंत गेलो, वही मिटली आणि म्हणालो, "यावर जुना निकाल नाही. पुस्तिकेत जकातदाराचा पत्ता आधी छापलाय, म्हणून जकातदार आधी."

छापण्याच्या क्रमाला काही अर्थ नसतो, हे क्लबातल्या नवख्या पोरालाही ठाऊक आहे. पण पंच बोलला की झालं. मी खाली नवा निकाल लिहिला, दोनशे बारा नंबर. निळी शाई.

ओर्नेला वाद घालेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "नीट बघितलंस?"

"दोनदा."

"बरं," म्हणाली. मग सगळे पत्ते गोळा केले, खेळाच्या डब्यात ज्याच्या त्याच्या कप्प्यात लावले, शेवटी कोठारही. झाकण लावलं, कोट घातला आणि गेली. तेव्हापासून आलेली नाही.

तर असं झालं. तातोच्या जिभेमुळे आणि माझ्या डोक्यामुळे. मी कुणाची बाजू घेत नाही हे दाखवायच्या नादात तिच्यावर अन्याय झाला. रागाच्या भरात माणूस करतो असं कधीकधी. आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिला नदीकाठी भेटलो होतो, पण ते जाऊ दे, त्याचा इथे काही संबंध नाही.

थकलोय मास्तर. सकाळी उठतो तो दमलेलाच. वही उशाशी असते आणि तिची भीती वाटते, वहीची भीती वाटावी असं काय आहे तिच्यात? गास्पारने गॅरेज सोडायचं सांगून टाकलंय. भेटला की मिठी मारतो. "पंच, तुम्ही नसता तर गेलो होतो मी!" म्हणतो. आता निकाल फिरवून त्याचं वाटोळं करायचं का, की होऊ द्यायचं जे झालं ते? हा माझा खरा प्रश्न. तुम्ही विचारा म्हणालात म्हणून विचारला.

कळवा.

तुमचा,
रेन्सो

•

रोसारियो,
शनिवार, ३० ऑगस्ट

मास्तर,

या वेळी तुमचं कार्ड आणखी छोटं. "राग खरा असेल. पण राग पान उलटवत नाही, रागात माणूस वही आपटतो. शुक्रवारी ती काय म्हणाली? आणि वहीचं पहिलं पान वाच."

तुम्ही माझं अक्षर वाचता की मला वाचता, कळत नाही.

शुक्रवारी आम्ही नदीकाठच्या कठड्यावर बसलो होतो. धुरामुळे बेटं दिसत नव्हती. तिने थर्मासमधून माते भरला आणि म्हणाली, "उद्या जिंकले तर जाते मी. पहाटे चारला उठून कणीक मळून मळून माझे हात मावशीसारखे दिसायला लागलेत. बघ." हात पुढे केले. मला ते हात धरावेसे वाटले आणि मी धरले नाहीत.

मी म्हणालो, "आणि मी?"

"तू काय?"

"मी इथे काय करायचं?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. माते ओढायची नळी पुसून पेला माझ्या हातात दिला. "रेन्सो, तू कॉलेज अर्ध्यावर सोडलंस. चुलत्याचं दुकान अर्ध्यावर सोडलंस. मला अजून तोंडाने काही विचारलंही नाहीस, तेही अर्ध्यावरच आहे. मी कशासाठी थांबू, सांग ना."

मी थंड झालेला माते पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरचं पान समोर होतं आणि मी तातोवर चिडलो नव्हतो मास्तर. तातोने तर मला हवं ते कारण आयतं आणून दिलं, कार्लितोंच्या ट्रेसकट. मी पानाकडे बघत होतो आणि डोक्यात एवढंच होतं की ही ओळ वाचली तर ती जाते आणि पान उलटलं तर राहते. उलटलं. रागाने नाही. अगदी हळू, कोपरा न दुमडता.

आणि ती राहिली कुठे? माझ्यापासून तर गेलीच.

काल एकोणतीस तारीख, घरोघरी न्योक्की करायचा दिवस, म्हणून गास्पारच्या आईनेही ते केले होते आणि मला खास बोलावणं. घरात त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली. बाईंनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढलं. "खा पोरा, तुझ्यामुळे माझ्या लेकाचं नशीब उघडलं." बटाट्याचे ते गोळे मी काट्याने ताटात इकडून तिकडे ढकलत राहिलो. गास्पार दाराशी सोडायला आला तेव्हा मी विचारलं, "उद्या चारला क्लबात येशील?" तो म्हणाला, "निरोप समारंभ ठेवलाय की काय, पंच?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

आज सकाळी बेकरीत गेलो. ओर्नेला मेदियालुना पावांचा ट्रे काढत होती, केसांवर पीठ.

"किती देऊ?" तिने विचारलं. ओळख नसल्यासारखं.

"चारला क्लबात ये."

"कशाला? तुझं तोंड बघायला?"

"वही बघायला."

तिचा हात ट्रेवर थांबला. मागून मावशी ओरडली, "ओर्ने, गिऱ्हाईक सोड आणि भट्टी बघ!" ती आत गेली. येणार की नाही, बोलली नाही.

आली. चारला पाच मिनिटं असताना, कोट अंगात आणि बाहीला पीठ. भिंतीला टेकून उभी राहिली, बसली नाही.

गास्पार आणि शनिवारची सगळी मंडळी जमल्यावर मी वहीचं पहिलं पान मोठ्याने वाचलं. आम्हा सगळ्यांना ते पाठ असायला हवं होतं आणि कुणालाच नव्हतं. पंचाने चुकीचा निकाल दिला तर तो त्याने स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर खोडायचा. का चुकला ते सांगायचं. मग वही टेबलावर ठेवून बाहेर जायचं आणि दार लावायचं. पुढचं काय ते आतले लोक ठरवतील, त्याने त्यात बोलायचं नाही. तो पुन्हा पंच होणार नाही.

मग सतरा नंबर वाचला. "कारण पाळी ज्याची, जोखीम त्याने घेतलेली असते," ही ओळ दोनदा वाचली.

मग गास्पार म्हणाला, "म्हणजे मी हरलो?"

"तू जिंकला नव्हतास."

"आज सकाळी सहाला माझी आई बॅगेत आणखी लोकरीचे मोजे कोंबत होती रे," तो म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "तुला दिसलं नव्हतं का हे पान?"

"दिसलं होतं."

तातो काउंटरमागून बाहेर आला, हातात ओलं फडकं. "अरे देवा. मी बोललो म्हणून? अरे मी सगळ्यांनाच चिडवतो! गेल्या वर्षी फादरना नाही का चिडवलं?"

"तुझा दोष नाही तातो," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी चार आठवडे गिळलं होतं. "ओर्नेलाने जायला नको होतं मला. म्हणून ते पान मी उलटलं."

कुणीतरी मागे खाकरलं. मी तिच्याकडे बघितलं नाही असं लिहिणार होतो, पण बघितलं. तिने बाहीचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "हे तू त्या शुक्रवारी कठड्यावर बोलला असतास, तर मी ऐकून घेतलं असतं. गेले असतेच. पण ऐकून घेतलं असतं."

"माहीत आहे."

"तेव्हा नव्हतं माहीत."

"नव्हतं."

"मग खोड आता," ती म्हणाली. "अर्धं नको. सगळं खोड."

मी दोनशे बारा नंबर खोडला. एक आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खालचं वाचता येईल अशी, कारण खोडलेलं दिसलं पाहिजे असं तुम्ही म्हणायचात. खाली सही केली, तारीख घातली. तुमची वही टेबलाच्या मधोमध ठेवली. पेन तिच्यावर ठेवलं. गास्पार खाली बघत होता. त्याला काहीतरी बोलावं असं वाटलं, पण माझं बोलणं तिथे संपलं होतं, तसा नियमच आहे.

आत ते काय ठरवतील, फेरी पुन्हा खेळवतील की सरळ तिचं नाव धाडतील, मला माहीत नाही आणि मी विचारायला जाणार नाही. सोमवारी आई पाव आणायला गेली की सांगेल, बेकरीच्या काउंटरवर ओर्नेला होती की मावशी ते.

कोट उचलला. आजवर मी जिथून निघालो तिथली दारं आपटून निघालो. क्लबाचं दार आपटून लागतच नाही, तुम्हाला माहीत आहे, परत उघडतं. मी बाहेर आलो, मूठ दोन्ही हातांनी धरली, दार थोडं वर उचललं आणि हळूच लावून घेतलं.

ज्याला तुम्ही वही दिली होती तो,
रेन्सो